द्वारका ते दर्यागंज : चार तारांचा शोध

दिल्लीला कुणी निघाले की आळीतल्या सगळ्यांच्या याद्या तयार होतात. करोल बागेतून स्वेटर, चांदणी चौकातून जरीची किनार, जमलेच तर थोडा सुका मेवा. अशा घरात नुकतीच पहिली नोकरी लागलेला मुलगा किंवा मुलगी हळूच विचारते, 'दिल्लीत बेस गिटार चांगली कुठे मिळते हो?' आणि याद्या देणारी सगळी मंडळी गप्प होतात. काका दिल्लीत वीस वर्षे राहिलेले असतात, पण वाद्यांच्या दुकानाची पायरी त्यांनी कधी चढलेली नसते.

प्रश्न हौसेचा वाटतो, पण तो तेवढाच नाही. पुण्यामुंबईची किंवा नागपूरची कितीतरी मुले आज नोकरीनिमित्त द्वारकेत येऊन राहतात. दिल्ली विकास प्राधिकरणाने आखलेली ही उपनगरी. तिचे जुने नाव पापनकलां. विमानतळ शेजारी, रस्ते रुंद, सेक्टरांना आकडे, सोसायट्यांना फाटके. सकाळी निघायचे, रात्री परतायचे. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात ज्याने चार वर्षे वाजवले, त्याचे वाद्य घरी कपाटावर धूळ खात पडते, कारण 'आधी नीट बस्तान बसू दे' असे आईने बजावलेले असते. सहा महिने जातात, बोटांवरचे घट्टे नाहीसे होतात आणि एक दिवस लक्षात येते की वाजवणे सुटले. पुष्कळांचे ते कायमचे सुटते. हे टाळायचे असेल तर नव्या गावात पोहोचल्यावर पहिल्या महिन्यातच दोन पत्ते शोधावेत : वाद्ये कुठे मिळतात आणि लोक कुठे वाजवतात.

चारच तारा कशाला?

बेस गिटार म्हणजे काय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायची एक सोपी रीत आहे. तबल्यातला डग्गा काढून घेतला तर जे उरेल, ते बेसशिवायचे गाणे. ऐकणाऱ्याला नेमके काय हरवले ते सांगता येत नाही, पण गाणे पोकळ लागते. साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला बहुधा चार, जाड आणि लांब. सर्वांत खालच्या तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसकडे होते. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर याने खांद्याला अडकवता येईल अशी विजेवरची बेस बाजारात आणली आणि वादकांची पाठ सुटली.

आपल्या हिंदी सिनेमातही ती लवकरच रुळली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस होती. लोकांनी गाणी तोंडपाठ केली, वाझ यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक झाले. बेस वाजवणाऱ्याचे नशीबच तसे. अलीकडे मुंबईच्या मोहिनी डे यांनी मात्र हे वाद्य रंगमंचाच्या अगदी पुढे आणले. त्यांचे पहिले गुरू त्यांचे वडील, तेही बेसवादक. 'मुलीच्या जातीला हे कसले जड वाद्य' म्हणणाऱ्या आजीबाईंना एवढे उदाहरण पुरावे.

निळ्या मार्गावरून

द्वारकेच्या सेक्टरांतल्या बाजारात शिकवण्या आहेत, कीबोर्ड आणि लहान मुलांच्या गिटारी ठेवणारी छोटी दुकानेही सापडतात. पण चार बेस हातात घेऊन त्यातली एक पसंत करायची असेल तर शहर गाठावे लागते. सुदैवाने मेट्रोचा निळा मार्ग या कामासाठीच आखल्यासारखा आहे. द्वारकेपर्यंत तो २००५ च्या अखेरीस आला. पाऊण-एक तासात राजीव चौक, म्हणजेच कनॉट प्लेस. आणखी दोन स्थानके पुढे मंडी हाऊस. तिथे गाडी बदलून जांभळ्या मार्गाने आयटीओ, मग दिल्ली गेट, मग जामा मशीद. दिल्ली गेटला उतरले की दर्यागंज समोर.

दर्यागंजात नेताजी सुभाष मार्गावर वाद्यांची जुनी दुकाने आहेत. त्यांतल्या एकाचे नाव लाहोर म्युझिक हाऊस. पाटी वाचली की फाळणी आठवते. कनॉट प्लेसमधल्या रिखी राम या प्रसिद्ध दुकानाचे मूळही लाहोरातच. १९२० साली तिथे ते सुरू झाले आणि फाळणीनंतर दिल्लीत आले. रिखी राम हे नाव सतारीचे, बेसचे नव्हे. तरीही बेस वाजवणाऱ्याने एकदा तिथे डोकावावे. १९६६ च्या जुलैत मनिलाहून परतताना बीटल्स दिल्लीत थांबले, तेव्हा त्यांच्याशी भारतीय वाद्यांचा व्यवहार झाला तो याच दुकानाचा. चौघांतला पॉल मॅकार्टनी हा जगातला बहुधा सर्वांत नावाजलेला बेसवादक. जॉर्ज हॅरिसनच्या सतारीची गोष्ट सगळे सांगतात, मॅकार्टनीही त्या वेळी दिल्लीत होता हे कुणी सांगत नाही!

मोठ्या साखळी दुकानांचे एक बरे असते. धोबी तलावच्या जेर महालामुळे मुंबईकरांना परिचित असलेले, १८६५ पासूनचे फुर्टाडोस आता अनेक शहरांत आहे. अशा दुकानांत विदेशी बनावटीच्या बेस मांडलेल्या असतात, पावती पक्की मिळते, हमीपत्र मिळते. जुन्या बाजारातल्या दुकानात घासाघीस होते, आणि कोलकात्याच्या गिवसन, हॉबनर या देशी बनावटीच्या वाद्यांपासून सुरुवात करता येते. (ही नावे कोणत्या परदेशी नावांची आठवण करून देतात, ते जाणकारांनी ओळखावे.) पहिल्या बेससाठी देशी वाद्य घेण्यात काही कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न तपासता घेण्यात.

तपासायचे म्हणजे काय? दुकानदाराला आधी सांगावे की वाद्य बेसच्याच अँप्लिफायरला जोडून ऐकवा. साध्या गिटारीच्या अँपमधून खालचे स्वर धड बाहेर पडत नाहीत, आणि मग दोष वाद्याचा की यंत्राचा ते कळत नाही. मग वाद्य उचलून, बंदूक रोखावी तसे, एका डोळ्याने मानेच्या कडेने पाहावे. मान जवळजवळ सरळ, अगदी किंचित खोलगट चालते. पीळ पडलेली असेल तर ते वाद्य खाली ठेवावे, पुढचे बोलणेच नको. नंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून एकेक स्वर वाजवावा. चार तारा, वीस-एक पडदे, म्हणजे ऐंशी स्वर. दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्यावा. एखाद्या जागी खरखर किंवा मुका स्वर आला की कारण विचारावे. बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात जुळला पाहिजे. शेवटी बटणे फिरवून आणि वायर हलवून कचकच होते का ते ऐकावे, आणि पट्टा खांद्याला लावून दहा मिनिटे नुसते उभे राहावे. चार किलोच्या आसपासचे वजन पहिल्या मिनिटाला जाणवत नाही, दहाव्याला जाणवते.

बोटे लहान असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नेहमीच्या बेसच्या तारेची वाजती लांबी ३४ इंच असते. ३० इंचाची आखूड बेसही मिळते. शिकणाऱ्या मुलींना आणि शाळकरी मुलांना ती सोयीची पडते. दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही, कारण ती बहुधा आतल्या खोलीत असते. तारांचा भावही आधीच विचारून घ्यावा. बेसच्या तारांचा जोड साध्या गिटारीच्या जोडापेक्षा बराच महाग पडतो, आणि वाद्य घेतानाच्या आनंदात हा खर्च कुणी धरत नाही.

दुकानात खरेदीपेक्षा मोठा लाभ कधीकधी वेगळाच होतो. दिल्ली असो की पुणे, बँड जमवणाऱ्या पोरांना गिटार वाजवणारे दहा मिळतात, गाणारे वीस मिळतात, बेस वाजवणारा मिळता मिळत नाही. 'तुमच्याकडे कुणी सराव करणारी मंडळी येतात का?' एवढा प्रश्न गल्ल्यावर विचारला तरी एखाद-दुसरा फोन नंबर हाती पडतो. नव्या शहरात एकट्या पडलेल्या मुलाला तो नंबर म्हणजे शनिवार संध्याकाळ.

ऐकायचे कुठे?

बेस गिटारीला दिल्लीने एक मोठे नाव दिले आहे. १९९० मध्ये सुशमित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी इंडियन ओशन हा बँड उभा केला. बेसवर राहुल राम आले. हे गृहस्थ अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन परतले आणि नर्मदा बचाव आंदोलनात उतरले होते. 'मा रेवा' हे नर्मदेचे गाणे या बँडच्या 'कंडिसा' या २००० सालच्या ध्वनिमुद्रिकेत आहे. आपल्या नंदुरबारच्या काठाने वाहणारी नदी अशी दिल्लीच्या बेसवर पोहोचली. बँडची तालीम अनेक वर्षे करोल बागेतल्या एका जुन्या बंगल्यात चालायची, म्हणजे पुन्हा निळा मार्गच. आणि त्यांची 'डेझर्ट रेन' ही मुद्रिका १९९७ च्या डिसेंबरात मंडी हाऊसपाशी, सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात थेट ध्वनिमुद्रित झाली. कडाक्याच्या थंडीत, रस्त्यावर जमलेल्या लोकांसमोर.

मंडी हाऊसचा परिसर आजही फुकट किंवा थोडक्या पैशात ऐकणाऱ्यांचा आहे. कमानी सभागृह, त्रिवेणी कला संगम, श्रीराम सेंटर सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. कोपर्निकस मार्गावरचे जुने महाराष्ट्र सदनही तिथेच, हे मराठी माणसाला सांगायला नकोच. पुढच्या स्थानकापासून, आयटीओपासून, जवळ गांधर्व महाविद्यालय आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत शिकले आणि त्यांनी १९०१ मध्ये लाहोरात पहिले गांधर्व महाविद्यालय काढले. दिल्लीतले विद्यालय १९३९ चे, विनयचंद्र मौद्गल्य यांनी स्थापलेले. ते विनायकराव पटवर्धनांचे शिष्य, आणि पटवर्धन हे पलुस्करांचे. पलुस्करांच्या जयंतीनिमित्त ऑगस्टमध्ये होणारा महोत्सव बेस वाजवणाऱ्यानेही चुकवू नये. तानपुऱ्याचा खर्ज अर्धा तास कान देऊन ऐकला की खालचा स्वर किती कमी वाजवून किती पुरतो, ते आपोआप उमगते.

विमान बदलण्यासाठी दिल्लीत पाच-सहा तास थांबावे लागणाऱ्यालाही काही ऐकता येते. द्वारका सेक्टर २१ आणि विमानतळ, दोन्हींना जोडणारा एअरपोर्ट एक्सप्रेस मार्ग शिवाजी स्टेडियमला जातो. तिथून बंगला साहिब गुरुद्वारा जवळ. पहाटेपासून रात्रीपर्यंत कीर्तन चालते. डोके झाकावे, पाय धुवावेत, बसून ऐकावे. गुरुवारची संध्याकाळ मोकळी असेल तर निजामुद्दीन दर्ग्यातली कव्वाली. तिथे गर्दी फार. लहान मुलांचा हात सोडू नये.

क्लबांची गोष्ट निराळी. २०१५ मध्ये सफदरजंग एन्क्लेव्हमध्ये सुरू झालेल्या पियानो मॅन या जॅझ क्लबने वादन चालू असताना श्रोत्यांनी गप्प बसावे हा आग्रह धरला आणि दिल्लीसारख्या बोलक्या शहरात तो निभावून दाखवला, याचे कौतुक केलेच पाहिजे. पण अशा जागांचे पत्ते बदलतात, दारे बंद होतात, नव्या उघडतात. जुन्या ऐकीव माहितीवर रिक्षा करून निघू नये. त्याच दिवशी फोन करून कोण वाजवणार आहे, प्रवेशमूल्य किती आणि वयाची अट आहे का, हे विचारावे. दिल्लीत मद्यपानाचे कायदेशीर वय २५ आहे, त्यामुळे विशीतल्या मुलांना काही ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. कॉलेजकुमारांना घेऊन जाणाऱ्या आईवडिलांनी कमानी किंवा लोधी रोडवरचे इंडिया हॅबिटॅट सेंटर पसंत करावे.

वाद्य घरी नेताना

मेट्रोत वाद्य एक्स-रे यंत्रातून जाते. पिशवी आडवी ठेवावी आणि पट्टे आत खोचावेत, म्हणजे पट्ट्यावर अडकणार नाहीत. द्वारकेच्या सोसायटीत रात्री अकराला अँप लावला तर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येणारच, कारण खालचे स्वर भिंतीतून आरपार जातात. हेडफोनला जोडायचा काडेपेटीएवढा अँप मिळतो, तो वाद्याबरोबरच घ्यावा.

सुट्टीत बेस गावी न्यायची असेल तर विमानापेक्षा रेल्वे बरी. विमानाच्या केबिनमध्ये ती मावत नाही, आणि सामानात टाकायची तर टणक पेटी हवी. तारा थोड्या सैल कराव्यात, पूर्ण काढू नयेत. दिल्लीच्या कोरड्या हिवाळ्यात घेतलेले वाद्य जुलैत रत्नागिरीच्या दमट हवेत गेले की लाकूड फुगते आणि मान वाकते. घाबरू नये, पण लगेच दुरुस्तीलाही बसू नये. आठ-दहा दिवस वाद्याला नव्या हवेत राहू द्यावे, मग मानेतली लोखंडी सळई पाव फेऱ्याहून जास्त न फिरवता पुन्हा तपासावे. स्वतःला जमत नसेल तर जाणकाराकडे न्यावे.

आणि द्वारकेत राहणाऱ्याने एक वेळ कायम लक्षात ठेवावी. क्लबातले वादन नऊला सुरू होते, दुसरी फेरी साडेदहाच्या पुढे रंगते, आणि द्वारकेकडे जाणारी शेवटची मेट्रो अकराच्या सुमारास सुटते. पाठीवर चार किलोची बेस असेल तर पहिली फेरी ऐकून निघालेले बरे. दुसरीसाठी थांबायचे असेल तर परतीच्या टॅक्सीचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवावेत.