ग्रास कटर घेताय? किमतीआधी गार्ड बघा

करंजाडे (पनवेल) : करंजाडे नोडच्या इमारतींखाली एकेकाळची भातखाचरं गेली. पनवेल तालुक्यातल्या आसपासच्या गावांत मात्र भात अजून पिकतो. कापणीला मजूर वेळेवर मिळत नाहीत, म्हणून ऑनलाइन सेलमधला स्वस्त ग्रास कटर मागवला जातो. स्वस्त घ्यायला हरकत नाही, पण बचत नेमकी कुठे करायची हे आधी समजून घ्या.

कोणत्या कामाला काय?

• दोन-चार गुंठे भात : मशीनची गरज नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा पुरतो. पातं दातेरी असल्याने सारखी धार लावावी लागत नाही.
• बांधावरचं गवत : ग्रास कटरला नायलॉन दोरी.
• जाड झुडपं : तीन दात्यांचं लोखंडी पातं.
• जास्त भात : गोल दातेरी पातं आणि कापलेला भात एका बाजूला पाडणारी जोडणी.

घेताना काय तपासाल?

पात्यावरचा गार्ड, खांद्याचा पट्टा आणि हाताशी येणारं स्टॉप बटण. यातलं एकही नसेल, तर मशीन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. कार्ब्युरेटर, प्लग, पातं पनवेलच्या बाजारात मिळतं का, हेही विचारा. पार्ट मिळाला नाही, तर ऐन कापणीत मशीन पडून राहतं. पक्कं बिल घ्या.

पेट्रोलमध्ये ऑइल किती?

टू-स्ट्रोक इंजिनला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. माहितीपुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. ऑइल विसरलात तर इंजिन जाम होतं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं भरतात. इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरा.

धोका कुठे?

फिरतं पातं दगडाला किंवा खोडाला लागलं की मशीन जोरात उसळतं. उडालेला खडा डोळा फोडू शकतो. म्हणून :

• गॉगल, बूट, फुल पँट हवीच. कानात बोळे घाला.
• १५ मीटरच्या आत कुणी नको, विशेषतः मुलं.
• नायलॉन दोरीऐवजी तार कधीही लावू नका. तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.
• गवत अडकलं तर आधी इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा, मगच हात घाला.

फवारणी पंपाचं काय?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. १६ लिटरचा बॅटरी पंप आधी साध्या पाण्याने भरून गळती तपासा. वारा पाठीवर घ्या, मास्क आणि हातमोजे घाला. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका.

अनुदान मिळतं का?

कृषी यांत्रिकीकरण योजनेत यादीतल्या अवजारांना साधारण ४० ते ५० टक्के अनुदान आहे. त्यासाठी फार्मर आयडी घेऊन महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. पूर्वसंमतीआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. त्यामुळे सेल संपत आला म्हणून घाई करू नका. आधी अर्ज, मग खरेदी. आणि बजेट ठरवताना गॉगल-बुटांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा.