न वापरलेल्या ऊर्जेचा हिशेब

घर बांधले, रस्ता केला किंवा नळ बसवला, तर काम झाले की नाही हे कोणालाही जाऊन पाहता येते. पण घराच्या पोकळ भिंतींत उष्णतारोधक भरून किंवा फटी बुजवून जी ऊर्जा वाचली असे सांगितले जाते ती कोणाला दाखवता येत नाही, कारण मीटर केवळ वापर नोंदवतो आणि काम केले नसते तर वापर किती झाला असता हे अनुमानानेच ठरवावे लागते. अशा अदृश्य बचतीसाठी लोकांचा पैसा खर्च होतो तेव्हा हे अनुमान कोण करतो आणि ते तपासण्याचा अधिकार कोणाला आहे, हाच सार्वजनिक देखरेखीचा गाभा ठरतो. अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्स राज्याने या प्रश्नाचे जे उत्तर कायद्यात लिहून ठेवले आहे, ते त्यातील उणिवांसह समजून घेण्यासारखे आहे.

या राज्यात हिवाळा कडक असतो, घरे बहुतांशी जुनी व लाकडी असतात आणि ती उबदार ठेवण्यासाठी गॅस, तेल किंवा वीज मोठ्या प्रमाणावर खर्च होते. २ जुलै २००८ रोजी गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी ‘ग्रीन कम्युनिटीज ॲक्ट’ या कायद्यावर सही केली आणि जी ऊर्जा वाचवणे नव्याने पुरवण्यापेक्षा स्वस्त पडते, ती सगळी आधी वाचवावी, असे बंधन वीज व गॅस कंपन्यांवर आले. त्यातून उभा राहिलेला कार्यक्रम ‘मास सेव्ह’ या नावाने ओळखला जातो. त्यात घराची तपासणी विनामूल्य होते, उष्णतारोधनाच्या खर्चाचा मोठा वाटा कार्यक्रम उचलतो आणि अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांचे काम पूर्णपणे फुकट केले जाते. हा पैसा मुख्यतः ग्राहकांच्या बिलावरील स्वतंत्र आकारातून जमा होतो. म्हणजे ज्याच्या घराला अजून कोणी हातही लावलेला नाही, तोही दरमहा त्यात भर घालत असतो.

यात एक मूलभूत अडचण आहे. कार्यक्रम राबवणाऱ्या बहुतेक कंपन्यांचा व्यवसायच ऊर्जा पोहोचवण्याचा असल्याने विक्री घटावी असे त्यांना स्वभावतः वाटत नाही, म्हणून ठरलेले उद्दिष्ट गाठल्यास त्यांना बक्षीस-रक्कम देण्याची सोय करण्यात आली; परंतु बक्षीस बचतीच्या आकड्यावर अवलंबून असेल, तर तो आकडा फुगवण्याचा मोहही त्याच सोयीतून जन्माला येतो. या दुहेरी हितसंबंधाला लगाम घालण्यासाठी कायद्याने ऊर्जा कार्यक्षमता सल्लागार परिषद नेमली. तिच्यात घरगुती ग्राहक, अल्प उत्पन्न गट, पर्यावरण संस्था, उद्योग आणि कामगार यांचे प्रतिनिधी, तसेच राज्याचे ॲटर्नी जनरल यांना मताधिकार आहे. कंपन्या बैठकीला बसतात, बोलतात, पण त्यांना मत नाही. दर तीन वर्षांचा आराखडा आधी या परिषदेपुढे येतो, तेथे संमतीसाठी दोन-तृतीयांश मते लागतात, आणि मग परिषदेच्या संमतीसह किंवा अभिप्रायासह तो वीज-गॅसचे दर ठरवणाऱ्या राज्याच्या नियामक विभागाकडे अंतिम मंजुरीसाठी जातो. परिषदेच्या बैठका खुल्या असतात, विषयपत्रिका आधी जाहीर होते, इतिवृत्त कोणालाही वाचता येते आणि सामान्य नागरिकाला म्हणणे मांडण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परिषदेला स्वतःचे तांत्रिक सल्लागार नेमता येतात, कारण तज्ज्ञाचे पाठबळ नसलेला ग्राहक-प्रतिनिधी शेकडो पानांच्या आकडेमोडीपुढे केवळ मान डोलावू शकतो.

आकडेमोड कशी तपासली जाते, हे एका घरापुरते पाहता येईल. कामाआधी घराच्या मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात, खिडक्या बंद करतात आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी करतात. मग तो दाब टिकवण्यासाठी पंख्याला जेवढी हवा बाहेर फेकावी लागते, तेवढीच हवा फटींतून आत शिरत असते. काम संपल्यावर हीच चाचणी पुन्हा घेतली की फटी खरोखर बुजल्या की बिलावर नुसत्या लिहिल्या गेल्या, हे कळते. मात्र एका घराची चाचणी चोख निघाली, तरी संपूर्ण कार्यक्रमाच्या बचतीचा प्रश्न सुटत नाही. सवलत नसती तरीही ज्याने हे काम स्वखर्चाने केलेच असते, त्याची बचत कार्यक्रमाच्या खात्यात धरणे योग्य नव्हे; अशा ग्राहकाला मूल्यमापनाच्या परिभाषेत ‘फ्री रायडर’ म्हणतात, आणि असे लाभार्थी वगळून, कार्यक्रमामुळे बाहेर आपोआप झालेली बचत मिळवून जी उरते, तिला निव्वळ बचत म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांत घरगुती वीजबचतीचा मोठा हिस्सा दिव्यांतून येत असे. पुढे एलईडी दिवे बाजारात स्वस्त झाले, लोक ते सवलतीशिवायही घेऊ लागले आणि त्यांचे श्रेय कमी करत नेऊन अखेर त्यांच्यावरील घरगुती सवलती गुंडाळाव्या लागल्या. सहज मिळणारा आकडा सोडून द्यायला कोणतीही कंपनी आपणहून क्वचितच तयार होते. त्यासाठी मूल्यमापनावर बाहेरच्यांची नजर असावी लागते.

बचत किती झाली याची तपासणी अशी कसोशीने होत असताना ती कोणाच्या घरी झाली, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ मागे राहिला. वीज कार्यक्रमाचा किमान १० टक्के आणि गॅस कार्यक्रमाचा किमान २० टक्के खर्च अल्प उत्पन्न गटासाठी करावा, असे कायद्यातच म्हटले होते. परंतु त्या उत्पन्नमर्यादेच्या जरा वर असलेली कुटुंबे, भाडेकरू आणि इंग्रजी न बोलणारे रहिवासी यांचा सहभाग कमी असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. त्याची कारणे घरांच्या रचनेत आणि मालकीत दडलेली आहेत. बॉस्टन व वूस्टरमधील तीन मजली लाकडी घरांत बहुधा मजलागणिक एक कुटुंब राहते. बिल भाडेकरू भरतो, दुरुस्तीचा निर्णय मालक घेतो, त्यामुळे ज्याला फायदा होणार त्याच्या हाती निर्णय नसतो. शिवाय अशा जुन्या घरांच्या भिंतींत कधीकधी चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या उघड्या तारा निघतात. त्यांची उष्णता हवेत विरावी अशी ती जुनी योजना असल्याने त्यांच्यावर उष्णतारोधक भरले, तर आगीचा धोका संभवतो, आणि तारा बदलण्याचा खर्च न झेपल्याने सगळे काम तेथेच अडते. अल्प उत्पन्न गटाच्या आणि वस्त्यांच्या संघटनांनी परिषदेपुढे हा विषय लावून धरला, गावनिहाय सहभागाची आकडेवारी उपलब्ध झाली आणि २०२२ ते २०२४ च्या आराखड्यात कंपन्यांच्या बक्षीस-रकमेचा एक भाग समन्यायी वाटपाशी जोडण्यात आला.

तरीही ही व्यवस्था वादातीत नाही. २०२५ ते २०२७ साठी सुमारे ५ अब्ज डॉलरचा आराखडा तयार झाला. पण त्याच हिवाळ्यात गॅसची बिले भडकून लोकांत असंतोष पसरला आणि नियामक विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यातून ५० कोटी डॉलर कमी करण्याचा आदेश दिला. बिल आज हलके करावे की उद्याची गरजच घटवावी, या वादात दोन्ही बाजूंना ग्राहकहिताचाच आधार घेता येतो, त्यामुळे देखरेखीने असा वाद मिटत नाही; तो उघड्यावर, आकडे समोर ठेवून व्हावा, एवढीच हमी तिच्यामुळे मिळते.

महाराष्ट्राला या पद्धतीतील काही भाग परिचित आहेत. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ९४ नुसार नियामक आयोग ग्राहकांच्या वतीने बोलणारे प्रतिनिधी नेमू शकतो. मुंबई ग्राहक पंचायत व पुण्याचा ‘प्रयास’ हा गट यांनी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे ही भूमिका बजावलेली आहे, तर वीजबचतीच्या कार्यक्रमांची चौकट आणि त्यांची किफायत ठरवण्याचे विनियम आयोगाने २०१० मध्येच केले आहेत. दुसऱ्या बाजूने, डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने आणलेली ‘इको निवास संहिता’ उष्ण प्रदेशांतील घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणारी सरासरी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटपर्यंत मर्यादित करते, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याची कक्षा निवासी इमारतींपर्यंत वाढवली आहे. मात्र संहितेची ही पूर्तता मुख्यतः आराखड्यावरील गणिताने दाखवली जाते, आणि आराखडा मंजूर होणे म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरची खोली राहण्याजोगी असणे नव्हे. दरवाढीच्या जनसुनावणीत जो ग्राहक हरकत नोंदवतो, त्यालाच राहत्या इमारतींची प्रत्यक्ष मोजमापे मागण्याचा आणि लाभ कोणत्या वस्तीत पोहोचला हे विचारण्याचा अधिकार मिळाला, तर येथील संहिता आणि येथील जनसुनावणी यांची सांगड बसेल. त्यासाठी नवी संस्था उभारण्यापेक्षा असलेल्या आयोगाच्या सुनावणीत हा विषय घेणे अधिक व्यवहार्य ठरेल.