महागडा पाना कोणाच्या हातात द्यावा?

ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट उघडणं हे गॅरेजमधलं सगळ्यात सोपं काम समजतात. नव्या हेल्परला आधी तेच देतात. तरीही पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागे ज्या गॅरेजात माझं बरीच वर्षं जाणं-येणं आहे, तिथं जुन्या मोटरसायकलींच्या या बोल्टाचे कोपरे झिजलेले वारंवार दिसतात. आधी कुणीतरी तोंड फाकलेला पाना लावलेला असतो. तो सटकला की हातोडीने ठोकून बसवतात, मग व्हाइस ग्रिप येते, मग छिन्नी. शेवटी बोल्टाच्या डोक्यावर दुसरा नट वेल्डिंग करून तो सोडवायची पाळी येते. पंधरा मिनिटांचं काम दुपार खातं, आणि कधीकधी ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधले आटेही बोल्टाबरोबर बाहेर येतात.

मग विषय निघतो, महाग अवजारं घ्यावीत का? नाशिकच्या सातपूरला बनणाऱ्या तापडियाचा किंवा जालंधरच्या एखाद्या कारखान्याचा पाना शे-दीडशे रुपयांत मिळतो. जर्मन किंवा अमेरिकन पाना त्याच्या कितीतरी पट पैसे मागतो. मला वाटतं, हा प्रश्न अख्ख्या पेटीला विचारून उपयोग नाही. तो एकेका अवजाराला विचारावा लागतो आणि उत्तर शोधायचं ते नटाकडे बघून.

१० मापाचा नट घ्या. त्याच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये १० मिलिमीटर अंतर असतं आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण साडेअकरा. पान्याची सारी पकड या दीड मिलिमीटरवर. पान्याचं तोंड नटापेक्षा ०.१ मिलिमीटर मोठं असेल, तर पाना सुमारे एक अंश रिकामा फिरून नटाला भिडतो. ०.३ मिलिमीटर मोठं असेल तर तीन अंश. जितका तिरका भिडेल तितका जोर कोपऱ्याच्या टोकावर येतो आणि तिथलं लोखंड सोलून निघतं. दुतोंडी फिक्स पाना नटाला दोनच कोपऱ्यांवर धरतो, रिंग पाना सगळ्या बाजूंनी वेढतो. म्हणून घट्ट नटाला पहिला झटका रिंगनेच द्यायचा आणि नट सैल झाल्यावर हवं तर फिक्स पान्याने फिरवायचा, ही शिस्त कुठल्याही ब्रँडच्या आधी येते.

महागड्या पान्यात पैसे नेमके कशाचे? एक, तोंडाच्या मापातल्या काटेकोरपणाचे. दोन, पोलादाला दिलेल्या उष्णतेच्या संस्काराचे. क्रोम व्हॅनेडियम हा शिक्का स्वस्त पान्यावरही असतो, पण ते पोलाद किती तापवलं, कसं थंड केलं आणि पुन्हा किती तापवलं यावर त्याचा चिवटपणा ठरतो. कडक झालं तर तडकतं, मऊ राहिलं तर फाकतं. तीन, आतल्या आकाराचे. स्नॅप-ऑन या अमेरिकन कंपनीने गोटीचे (सॉकेटचे) आतले कोपरे थोडे मोकळे ठेवून जोर नटाच्या कोपऱ्याऐवजी त्याच्या शेजारच्या सपाट बाजूवर टाकला. आज अनेक कंपन्या असा आकार देतात आणि आपल्याकडच्या मधल्या किमतीच्या गोट्यांतही तो आढळतो. त्यामुळे गंजलेल्या सायलेन्सरच्या नटाला बारा कोपऱ्यांच्या महाग गोटीपेक्षा सहा कोपऱ्यांची बऱ्यापैकी गोटी जास्त भरवशाची.

स्नॅप-ऑनचं नाव निघालं की गॅरेजमधले डोळे चमकतात. १९२० मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत सुरू झालेल्या या कंपनीची मूळ कल्पना साधी होती. पाच हँडल आणि दहा गोट्या अदलून-बदलून लावल्या की पन्नास पान्यांचं काम होतं. पण तिथल्या मेकॅनिकला ही अवजारं परवडतात, त्यामागची व्यवस्था वेगळी आहे. अमेरिकेत मेकॅनिक सहसा स्वतःची पेटी स्वतः विकत घेतो. कंपनीची व्हॅन ठरावीक दिवशी वर्कशॉपच्या दारात येते, हप्त्याने माल देते, मोडलेलं अवजार बदलून देते. अनेक वर्कशॉपांत मजुरी कामाच्या ठरलेल्या तासांवर मिळते. दोन तासांचं काम दीड तासात संपवलं तर वाचलेला अर्धा तास मेकॅनिकचा. तिथं चांगला रॅचेट थेट त्याच्या खिशात पैसे टाकतो.

आपल्याकडे हेल्पर महिन्याच्या पगारावर असतो आणि अवजारं मालकाची असतात. वाचलेला वेळ मालकाचा, मोडलेला पानाही मालकाचा. दारात व्हॅन येत नाही. परदेशी रॅचेट बिघडला तर आजीवन हमी कागदावर असूनही तो बदलून येईपर्यंत गाडी स्टँडवर उभी राहते. देशी रॅचेट बिघडला तर पोरगा नागमोडी बोळांतून धावत जाऊन अर्ध्या तासात दुसरा आणतो. अमेरिकेतला हिशेब इथं जसाच्या तसा लावणाऱ्याला म्हणूनच पस्तावावं लागतं.

मग जास्त पैसे कुठे घालावेत? अडचणीच्या जागेत चालणारा रॅचेट पहिल्या रांगेत बसतो. २४ दात्यांच्या रॅचेटचं हँडल एका टिचकीला १५ अंश फिरावं लागतं, ७२ दात्यांच्या रॅचेटला ५ अंश पुरतात. हँडल २० सेंटिमीटर लांब असेल, तर त्याच्या टोकाला पहिल्याला पाच सेंटिमीटरहून थोडी जास्त मोकळी जागा लागते आणि दुसऱ्याला पावणेदोन. गाडीच्या स्टार्टरच्या मागचा बोल्ट काढताना हाताला जागाच तीन सेंटिमीटर असेल, तर बारीक दात्यांच्या रॅचेटशिवाय इलाज नसतो. सर्कलिप पक्कडही याच रांगेतली. तिची टोकं वाकली की सर्कलिप उडते, आणि ती डोळ्याकडे उडू शकते.

टॉर्क रेंचवर तर पैसे दोनदा खर्च करावे लागतात, घेताना आणि नंतर तपासून घेताना. आंतरराष्ट्रीय मानकानुसार क्लिक करणाऱ्या रेंचची चूक १० न्यूटन-मीटरच्या वर चार टक्क्यांच्या आत असावी लागते, आणि वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर ती पुन्हा तपासावी लागते. काम झालं की स्प्रिंग सैल करून ठेवायची, नाहीतर ताणलेल्या स्प्रिंगमुळे माप बिघडतं. ॲल्युमिनियमच्या हेडमधला स्पार्क प्लग आणि कारच्या चाकाचे नट इथं अंदाज चालत नाही. ज्या रेंचची तपासणीच होत नाही, ती कितीही महाग असली तरी तिच्या क्लिकवर विश्वास ठेवायला आधार उरत नाही.

काही ठिकाणी पैशापेक्षा नेमकेपणा मोलाचा. आपल्या रस्त्यावरच्या कित्येक मोटरसायकली जपानी घराण्यातल्या. हिरो होंडा, टीव्हीएस सुझुकी, कावासाकी बजाज, यामाहा आरएक्स १०० या गाड्यांच्या कार्ब्युरेटरवर आणि इंजिनच्या कव्हरवर जपानी मापाचे चौफुली खाचांचे स्क्रू असत. त्यांत नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच खरवडतो. युरोपातला भारी फिलिप्स आणला तरी हेच होणार. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर काही शे रुपयांत मिळतो आणि पहिल्याच स्क्रूला त्याचा फरक कळतो.

आणि काही ठिकाणी स्वस्तच चांगलं. हातोडी, मोठ्या मापाचे क्वचित लागणारे पाने, टी पाने यांत चढा भाव द्यायचं कारण नाही. गॅरेजमध्ये तर अवजारं घडवलीही जातात. टॅपेटच्या लॉकनटसाठी रिंग पाना ग्राइंडरवर घासून पातळ करतात, कोपऱ्यातल्या बोल्टासाठी पाना तापवून वाकवतात. असं धाडस दीडशेच्या पान्यावर करता येतं, अडीच हजारांच्या पान्यावर कुणी करत नाही. एक पथ्य मात्र किंमत न बघता पाळायचं. चकचकीत क्रोमची हाताची गोटी इम्पॅक्ट गनला लावायची नाही. गनच्या धक्क्याने ती फुटू शकते. तिथं क्रोम-मॉलिब्डेनमची काळी गोटीच हवी.

आता या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. बहुतेक गॅरेजांत चांगली अवजारं उस्तादांच्या कुलपातल्या पेटीत असतात आणि झिजलेले पाने हेल्परच्या ट्रेमध्ये पडतात. मालकांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पोरगा पाना गटारात पाडेल, ग्राहकाच्या डिकीत विसरेल. पण उस्तादांचा हात बघा. पाना किंचित सरकला तरी त्यांच्या मनगटाला आधी कळतं आणि ते जोर थांबवतात. ढिला पाना ते अंगठ्याने दाबून, सरळ ओढून सांभाळून घेतात. म्हणजे वाईट अवजार निभावून नेण्याचं कसब ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्याकडेच चांगलं अवजार आहे.

हेल्परकडे ते कसब अजून नसतं. बोल्ट ताणला जातोय की आटे तुटताहेत, हे त्याला हातानेच शिकायचं असतं. पान्याचीच तीन अंशांची ढिलाई मधे आली, तर हाताला येणारी सूचना पान्याची की बोल्टाची हे त्याला उमगत नाही. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेल्या पोरालाही गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी झिजलेला १०-११ चा पाना मिळाला, तर तो जोर लावायला शिकतो, पण थांबायला शिकत नाही.

म्हणून गॅरेजमालकाकडे अवजारांसाठी थोडे जास्तीचे पैसे असतील, तर ते उस्तादांच्या पेटीत आणखी एक भारी रॅचेट घालण्यावर खर्चू नयेत. ८ ते १७ पर्यंतचे चांगले रिंग पाने, सहा कोपऱ्यांच्या गोट्या आणि जपानी मापाचे दोन स्क्रूड्रायव्हर घ्यावेत. त्यावर रंगाची खूण करावी, रोज संध्याकाळी मोजून परत घ्यावेत आणि कामाला लावावेत ते सगळ्यात नव्या पोराच्या हातात. ड्रेन बोल्ट तोच उघडतो. बोल्टाचे कोपरे टिकतात की सोलले जातात, हे त्याच्याच हातात असतं.