घर तशी फुले

फुले कोणाला आवडत नाहीत? महाराष्ट्रात दसऱ्याला दाराला झेंडूचे भरगच्च तोरण बांधतात. पण देवघरातील लहानशा मूर्तीला जास्वंदीचे एक फूलही पुरेसे होते. जागा पाहून फुले योजावीत, ही जाण सर्वत्र आढळते. जपानी लोकांनी मात्र या जाणिवेतून एक स्वतंत्र कलाच निर्माण केली. तिला ‘इकेबाना’ असे म्हणतात.

बुद्धमूर्तीपुढे फुले ठेवण्याच्या प्रथेतून या कलेचा उगम झाला. क्योतो नगरातील रोक्काकुदो मंदिरात सेन्केई नावाचा पुजारी होता. १४६२ साली त्याच्या पुष्परचना पाहण्यासाठी नगरातील रसिक चढाओढीने येत, अशी नोंद आढळते. पुढे ‘रिक्का’ म्हणजे ‘उभी फुले’ ही पद्धत विकसित झाली. पाइनच्या फांद्या, पाने व फुले यांतून डोंगर, दरी, धबधबा असा सारा देखावा सूचित केला जाई. अशी रचना कधी कधी माणसापेक्षाही उंच असे. मंदिरांच्या आणि राजवाड्यांच्या विस्तीर्ण दालनांना ती शोभून दिसे.

परंतु हीच रचना लहान खोलीत ठेवली तर? जपानमध्ये चहापानासाठी मुद्दाम छोट्या खोल्या बांधीत. मातीच्या भिंती, मंद उजेड, आणि वाकून आत जावे लागेल एवढे ठेंगणे दार! येथे भपका शोभला नसता. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) हा चहापानविधीचा थोर आचार्य होता. त्याच्याविषयी एक कथा सांगतात.

रिक्यूच्या बागेत ‘आसागाओ’ म्हणजे ‘प्रभातमुख’ नावाची वेल बहरली होती. तिची फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात. त्या बहराची कीर्ती ऐकून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी सकाळीच तेथे आला. पाहतो तो काय, बागेत एकही फूल नाही! सारी फुले खुडून टाकलेली होती. हिदेयोशीला भयंकर राग आला. सत्ताधीशाचा रोष म्हणजे प्राणाशी गाठ. तशाच रागात तो वाकून चहाच्या खोलीत शिरला. समोर अंधुक उजेडात एकच टवटवीत फूल ठेवलेले होते. ते पाहताच त्याचा राग मावळला. बागेतील शेकडो फुलांत जे सहज नजरेआड झाले असते, त्या एका फुलाने ती खोली भरून गेली होती.

१८६८ नंतर जपानमध्ये पाश्चात्त्य धर्तीची घरे बांधली जाऊ लागली. जुन्या घरांत पुष्परचना भिंतीतील ‘तोकोनोमा’ नावाच्या कोनाड्यासारख्या जागेत ठेवीत. जमिनीवर बसलेले लोक ती समोरूनच पाहत. नव्या घरांत खुर्च्या आणि मेजे आली. मेजावरील फुले अनेक बाजूंनी दिसतात. शिवाय परदेशांतून निरनिराळी नवी फुलेही आली. तेव्हा १९ व्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिन याने पसरट, उथळ भांड्यात फुले मांडण्याची ‘मोरिबाना’ ही पद्धत सुरू केली. घराचे रूप बदलले, तशी फुलांची मांडणीही बदलली.

घर सजविण्यास पुष्कळ फुले किंवा महागडी फुलदाणी लागते असे नाही. खोली केवढी आहे, उजेड कोठून येतो, पाहणारे कोठे बसतात, हे आधी पाहावे. मग तांब्यात ठेवलेली मोगऱ्याची एक डहाळीही घराची शोभा वाढविते.