वाटाण्याएवढा समुद्रप्राणी

ट्रायलोबाइट नावाचे प्राणी फार फार पूर्वी समुद्रात राहत होते. आता जगात त्यांतला एकही जिवंत नाही. फक्त दगडात त्यांचे अवशेष उरले आहेत. त्यांना जीवाश्म म्हणतात. ट्रायलोबाइटच्या पाठीवर कवच होते आणि त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत तीन उभे पट्टे होते. मधला उंच, कडेचे दोन सखल. म्हणून हे नाव पडले. कॅनडात एक ट्रायलोबाइट ७० सेंटीमीटर लांबीचा सापडला आहे. आपल्या दोन फूटपट्ट्या लावल्या तरी तो उरतोच!

पण मला सर्वांत आवडला तो बारका ॲग्नोस्टस. तो फार तर एक सेंटीमीटर. स्वीडन देशात सापडतो त्या जातीच्या नावाचा अर्थच 'वाटाण्याच्या आकाराचा' असा आहे. ॲग्नोस्टस म्हणजे ग्रीक भाषेत 'अज्ञात'. १८२२ साली फ्रान्सच्या ब्रोन्यार यांनी हे नाव ठेवले. नाव शोभते त्याला. कारण त्याला डोळे नाहीत, आणि डोके नि शेपूट सारखेच दिसते. मध्ये फक्त दोन वळ्या. त्यामुळे पुढची बाजू कोणती ते चटकन कळत नाही. पावसाळ्यात वाणी किड्याला हात लावला की तो चकलीसारखा गोल होतो ना? ॲग्नोस्टस डबीचे झाकण मिटावे तसा मिटत असे.

खेकडा वाढताना जुने कवच टाकतो, तसेच हे प्राणीही टाकत. म्हणून पुष्कळ ठिकाणी नुसती कवचेच सापडतात. पण स्वीडनमध्ये शास्त्रज्ञांनी दगड सौम्य आम्लात विरघळवले, तेव्हा ॲग्नोस्टसची बारीक पिल्ले पायांसकट मिळाली. ते पाय बघून काही शास्त्रज्ञ म्हणतात, हा ट्रायलोबाइट नव्हेच, त्यांचा नातेवाईक आहे. ते भांडण अजून मिटलेले नाही.

आता मुख्य प्रश्न. आपल्या सुप्यात विहिरीच्या दगडात तो सापडेल का? नाही सापडणार. मुलांनो, उगीच दगड फोडत बसू नका, चिपा डोळ्यात जातात.

आपला काळा पाषाण म्हणजे जमिनीतून वर आलेला तापलेला रस गार होऊन झालेला दगड. त्यात समुद्रातला किडा कसा राहील? शिवाय वयाचाही मेळ बसत नाही. एक कोटी वर्षे म्हणजे एक वर्ष असे धरा. मग ॲग्नोस्टस ५० वर्षांपूर्वीचा, म्हणजे आजोबांच्या वयाचा. सगळे ट्रायलोबाइट २५ वर्षांपूर्वी संपले. आणि आपला काळा पाषाण साडेसहा वर्षांचा! मी दहा वर्षांचा आहे, म्हणजे तो पहिलीतल्या पोराएवढा झाला. विहिरीच्या दगडात चमकणारी गारगोटी मिळते, तोही जीवाश्म नव्हे. त्या रसात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळीत पुढे पाण्यातले क्षार साठले, त्यांची ती झाली.

मग शहाबादी फरशी? ती कर्नाटकातून येते, आणि ती खरंच जुन्या समुद्राच्या तळाच्या गाळाची आहे. पण ती आजोबांच्याही आधीची. तिचा गाळ बसला तेव्हा ट्रायलोबाइट जन्मालाच आले नव्हते. म्हणजे आपल्या पायाखालची फरशी फार म्हातारी, आणि विहिरीतला दगड फार लहान.

आपल्या देशात ट्रायलोबाइट बघायचे तर हिमाचल प्रदेशात, स्पितीच्या खोऱ्यात जाता येते. आपली भारताची जमीन सरकत सरकत आशियाला जाऊन धडकली, तेव्हा मधल्या जागेतला जुना समुद्रतळ वर उचलला गेला व त्याचे डोंगर झाले. म्हणून समुद्रातला प्राणी आता बर्फाच्या मुलखात सापडतो.