फुटेज घरातच ठेवा

कॅमेरा स्वस्तात मिळतो. खरा खर्च नंतर, क्लाउडच्या मासिक भाड्यात. ते टाळायचं तर खोक्यावर मेमरी कार्डाची सोय आणि ‘ऑनव्हिफ’ हा शब्द शोधा. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ साली सुरू केलेल्या या मानकामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता येतो.

कार्ड केवढं घ्यावं? सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने दिवसाला साधारण २१ जीबी चित्रण होतं. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सहाएक दिवसांत भरतं, मग जुनं पुसून त्यावरच नवं लिहिलं जातं. या अखंड राबण्याने मोबाइलचं साधं कार्ड लवकर मान टाकतं. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या.

आणि चोराने कॅमेराच उपटून नेला तर? कार्डही गेलं की! म्हणून दारावरच्या कॅमेऱ्याची वायर माळ्यावरच्या रेकॉर्डरपर्यंत नेलेली बरी.