जलपर्णीचे मूळ गाळात

उन्हाळा लागून प्रवाह मंदावला आणि मोहन्याजवळ उल्हास नदीच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा थर पसरला की, ती उपसण्याच्या मोहिमेची बातमी कल्याण-डोंबिवलीच्या वर्तमानपत्रांत येते; आणि गतवर्षी यंत्रे लावून काढलेली ही वनस्पती यंदा तितक्याच जोमाने कशी उगवली, हा वाचकांचा प्रश्नही तिच्यामागोमाग येतो. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे जी उन्हाळ्यातही वाहती राहते आणि जिच्या पाण्यावर ठाणे जिल्ह्यातील लक्षावधी लोकांचा निर्वाह चालतो, त्या नदीविषयीच्या या प्रश्नाचे उत्तर जलपर्णीत नाही. जलपर्णी ज्यावर पोसली जाते, त्या पाण्याच्या आणि गाळाच्या रसायनात ते आहे.

डाळ आणि कणीक पोत्यांनी भरलेली असली, तरी गूळ जर चारच पोळ्यांपुरता असेल, तर पुरणपोळ्या चारच होणार. गोड्या पाण्यातील वनस्पतींच्या आहारात हे गुळाचे स्थान बहुधा स्फुरदाचे (फॉस्फरसचे) असते. कर्ब हवेतून मिळतो, नत्रही काही नीलहरित शैवाले हवेतून बांधून घेतात; परंतु स्फुरदाचा असा वायुरूप साठा निसर्गाने ठेवलेला नाही.

आज निर्विवाद वाटणारे हे तत्त्व सिद्ध करण्यासाठी डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाला अख्खी सरोवरे प्रयोगशाळा म्हणून वापरावी लागली. सरोवरे शैवालाने गुदमरतात ती कर्बामुळे, सबब धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटला दोष देऊ नये, असा युक्तिवाद साबण-उद्योगाच्या बाजूने हिरिरीने मांडला जात असताना, शिंडलर यांनी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या २२७ क्रमांकाच्या सरोवरात १९६९ पासून केवळ नत्र आणि स्फुरद घातले. शैवालाने लागणारा कर्ब हवेतून ओढून घेतला आणि सरोवर हिरवे झाले. पुढे १९७३ मध्ये त्यांनी २२६ क्रमांकाच्या सरोवराच्या अरुंद कमरेत पडदा टाकून त्याचे दोन भाग केले, एकात कर्ब व नत्र घातले आणि दुसऱ्यात या दोहोंबरोबर स्फुरदही घातले. स्फुरद मिळालेला भाग हिरवागार झाला, शेजारचा तसाच राहिला. आणि आकाशातून घेतलेल्या त्या एका छायाचित्राने जे पटवून दिले, ते आकड्यांच्या कित्येक तक्त्यांना साधले नव्हते. प्रयोगाची इतकी निर्मळ रचना विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळते!

आता उल्हासकडे वळू. वस्त्यांचे मैलापाणी, धुण्याच्या पावडरी आणि शेतांतून वाहून येणारी खते यांच्यावाटे स्फुरद व नत्र यांचा पुरवठा अखंड चालू असताना, मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली आणि अनुकूल स्थितीत सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होणारी जलपर्णी फोफावली नसती, तरच आश्चर्य. तणनाशक फवारून ती मारल्याने दृष्टीआड होते, एवढेच; मेलेली पाने तळाशी बसतात, कुजताना पाण्यातील प्राणवायू खातात आणि आपल्यातील स्फुरद तिथेच परत करतात. उपसून काठावर रचलेले ढीगही कुजून पावसाबरोबर पुन्हा पात्रात येतात.

गाळाची भूमिका याहूनही विलक्षण आहे. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये इंग्लंडमधील सरोवरांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, तळाशी प्राणवायू असेतोवर गाळातील लोह स्फुरदाला धरून ठेवते, आणि तो संपताच ही पकड सुटून साठवलेले स्फुरद पाण्यात उतरते. म्हणजे मैलापाणी आज थांबवले, तरी जुन्या वर्षांची बाकी गाळ काही काळ फेडत राहील. आणि म्हणूनच ते आजच थांबवणे अगत्याचे आहे.

या गाळाचा कसून अभ्यास करणारे आपल्याच मुलखात होते, याचा आपल्याला विसर पडतो. चेंदणी बंदराजवळच्या बांदोडकर महाविद्यालयातील आर. पी. आठल्ये आणि के. एस. गोखले यांनी ठाणे खाडीच्या चिखलातील एका वलयी कृमीच्या शरीरात साचलेल्या जड धातूंविषयीचा शोधनिबंध १९९१ मध्ये सागरी प्रदूषणविषयक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आणि उल्हासच्या खाडीतील गाळात साठलेल्या पाऱ्याविषयी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अनिरुद्ध राम, झिंगडे आदी संशोधकांनी २००३ मध्ये लिहिले. ओहोटीच्या चिखलात उतरून नमुने गोळा करण्याच्या या कामाला यंत्रांच्या उद्घाटनाची प्रसिद्धी लाभत नाही. पण नदीचे निदान याच कामातून होते.

जलपर्णी काढूच नये, असे कोणी म्हणणार नाही. ती मुळासकट काढून नदीपासून दूर नेली, तर तिच्याबरोबर थोडे स्फुरदही निश्चित बाहेर जाते. परंतु मोहिमेचे यश उपसलेल्या टनांवरून न मोजता पाण्यातील आणि गाळातील स्फुरद-नत्राच्या घटत्या प्रमाणावरून मोजावे, त्यासाठी बदलापूरपासून कल्याणपर्यंत ठरावीक ठिकाणी बारमाही नमुने घ्यावेत, ते काम स्थानिक महाविद्यालयांकडे सोपवावे, आणि नगरपालिका व महानगरपालिकांनी मैलापाण्यातून स्फुरद काढून घेणाऱ्या शुद्धीकरणाची तजवीज आपल्या अंदाजपत्रकांत करावी. येत्या उन्हाळ्यात मोहिमेची बातमी येईल, तेव्हा वाचकांनी आपल्या नगरसेवकाला एवढेच विचारावे: यंदा नदीत स्फुरद किती आले, आणि गतवर्षीपेक्षा ते किती घटले?